शाळेची जुनी बस, सात लाख रुपये आणि निवृत्तीनंतरचा प्रवास

पत्राचा सारांश : जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणारे हे ५७ वर्षांचे वाचक पुढील वर्षी सहकारी संस्थेतील नोकरीतून निवृत्त होत आहेत. पत्नीसह आधी नर्मदा परिक्रमा आणि मग कोकण व दक्षिण भारत, असा त्यांचा बेत आहे. हॉटेलांचा खर्च वाचावा आणि पत्नीच्या गुडघेदुखीमुळे वाटेत होणारी स्वच्छतागृहाची गैरसोय टळावी, म्हणून जुनी बस घेऊन तिचे फिरते घर करण्याचे त्यांनी मनाशी ठरवले आहे. एका शाळेची १३ वर्षे वापरलेली ४० आसनी बस सव्वादोन लाखांत मिळते आहे आणि एसटीच्या लिलावात याहूनही स्वस्त मिळेल, असे त्यांना कोणी सांगितले आहे. साडूंचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप असल्यामुळे मजुरी वाचेल आणि पलंग, ओटा, फ्रीज, एसी, शौचालय, सोलर हे सारे बससह सात लाखांत बसेल, असा त्यांचा हिशेब आहे. पत्नी म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." पुण्यातील मुलाला हा वेडेपणा वाटतो. बसमालक दसऱ्यापूर्वी २५ हजारांचा बयाणा मागतो आहे. बस घ्यावी की नाही, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊसाहेब, सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही आलेख कागदावर काढलेला बसचा आराखडा पाठवला आहे आणि तो मी पत्रापेक्षाही बारकाईने पाहिला. सहा फुटांचा ओटा, मिक्सरची जागा, डब्यांची फळी, खाली गव्हा-तांदळाचे कप्पे, आणि या सगळ्यावर तुमच्या सुबक अक्षरात 'सौ.साठी' असे लिहिलेले आहे. चालकाच्या मागे खिडकीपाशी एक आरामखुर्ची आहे, तिच्यावर मात्र कोणाचेच नाव नाही. वहिनी येत नाहीत याचे कारण तुम्ही गुडघे आणि स्वच्छतागृह असे धरले आहे. ते खरे असेलही. पण ज्या बाईने पस्तीस वर्षे एका ओट्यापाशी काढली, तिच्यासमोर निवृत्तीनंतरचा प्रवास म्हणून दुसरा, आणखी अरुंद ओटा ठेवला, तर "मी घर सांभाळते" या उत्तराचा अर्थ वेगळाही असू शकतो. आराखडा त्यांना दाखवून तुम्ही "कसा आहे?" असे विचारलेत. "यातले तुला काय नको?" असे विचारले होते का? बस घ्यावी की नाही याच्या आधीचा प्रश्न हा आहे, कारण वाहन केवढे हवे आणि किती खर्च करायचा, हे त्या वाहनात वर्षाकाठी किती रात्री आणि कोण झोपणार यावर ठरते. तुमच्या पत्रात वाहन आधी ठरले आहे आणि प्रवास नंतर.

आता कागदांविषयी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या छंदात बुडणारे पैसे लोखंडाइतकेच कागदांपायी बुडतात. बस तुमच्या मालकीची झाली म्हणजे तिचे वाटेल ते करता येते, असे आपल्याकडे सरसकट समजले जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ तसे समजत नाही. उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आसने काढून पलंग कायमचा जोडणे, छताला भोक पाडून एसी बसवणे, पाण्याची टाकी चासीला जोडणे हे सारे मुळातले तपशील बदलणारे आहे, मग तुमच्या साडूंचे वेल्डिंग कितीही सरस असो.

याचा अर्थ मोटारहोम आपल्या देशात बेकायदा आहे असा नाही. मोटार कॅरव्हॅन हा वाहनांचा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्यासाठी एआयएस-१२४ हे वाहन-उद्योगाचे मानक आहे. आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा, एवढे किमान वाहनात असावे लागते आणि ते पक्के बसवलेले असावे लागते. या मानकाची चाचणी पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेसारख्या अधिकृत संस्थेत होते. मंजुरी बहुधा बॉडी बांधणाऱ्या कारखान्याच्या एखाद्या नमुन्याला मिळते आणि त्या नमुन्याबरहुकूम बांधलेली वाहने मग नोंदवली जातात. वर्कशॉपमध्ये बांधलेली एकच बस घेऊन या वाटेने जायचे, तर चाचणी आणि कागद यांचा खर्च बसच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. म्हणून बस पाहायला पुन्हा जाण्याआधी आरटीओत जा, नियोजित बदलांचा आराखडा जोडून लेखी अर्ज द्या आणि लेखीच उत्तर मागा. दाराशी बसलेल्या एजंटाचे "होऊन जाईल हो" हे उत्तर नव्हे. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट विचारा : या वयाच्या शालेय बसचा वर्ग बदलून ती खासगी कॅम्पर, म्हणजे फिरते घर, म्हणून नोंदवली जाईल का, त्यासाठी कोणती प्रमाणपत्रे लागतील आणि कर किती भरावा लागेल.

एसटीच्या लिलावाचा विचार तर मनातून काढूनच टाका. लालपरीविषयीचा जिव्हाळा मी समजू शकते. तिच्यातूनच आपण सगळे शाळा-कॉलेजला आणि लग्नाकार्याला गेलो. पण १ एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य सरकारे आणि परिवहन महामंडळे यांच्या मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि ती अधिकृत केंद्रात भंगारात काढावी लागतात. तशा बसचा सांगाडा कितीही धडधाकट दिसला, तरी रस्त्यावर उतरवण्याचा कागद तिच्याजवळ नसतो. शाळेची बस १३ वर्षांची आहे, म्हणजे तिचीही पंधरावी जवळ आली आहे. १५ वर्षांपुढच्या बसच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क एप्रिल २०२२ पासूनच १२,५०० रुपयांवर गेले होते. सव्वादोन लाखांची स्वस्ताई अशी हळूहळू झिजते.

विम्याचेही यातच येते. मंजुरी नसलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाच्या नजरेस आला की दावा अडतो, आणि तेव्हा प्रश्न सात लाखांचा राहत नाही. समोरच्या जखमी माणसाची भरपाई तुमच्या निवृत्तीच्या पैशांतून मागितली जाऊ शकते.

तुम्ही लिहिले आहे, "मोठी घेतलेली बरी, मोकळेपणा राहतो." मोकळेपणा गाडी उभी असताना राहतो, चालताना तोच जड होतो. तुमचा परवाना हलक्या वाहनाचा आहे आणि त्याची मर्यादा ७,५०० किलो एकूण भारित वजनाची आहे. ४० आसनी बसच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, जीव्हीडब्ल्यूपुढे (हेच ते एकूण भारित वजन) काय आकडा आहे, तो आधी पाहा. तो बहुधा या मर्यादेबाहेर असेल आणि मग अठ्ठावन्नाव्या वर्षी जड वाहनाचा परवाना, त्याचे प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखला हे ओघाने आले. राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलचे २००८ च्या नियमांतील मूळ दर पाहिले, तर मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे, मिनीबसला १ रुपया ५ पैसे आणि बसला २ रुपये २० पैसे, असे प्रमाण आहे. म्हणजे बस मोटारीच्या तिपटीहून अधिक टोल देते. डिझेलचेही तसेच : अशी बस लिटरला पाचेक किलोमीटर देईल असे धरा. नर्मदेची लांबीच १,३१२ किलोमीटर. दोन्ही तीरांनी, रस्त्याच्या वळणांसह, तीन हजारांच्या पुढे जाणे होते. सहाशे लिटर डिझेल म्हणजे पन्नास हजारांहून अधिक, आणि तेही एका परिक्रमेचे. एवढ्या पैशांत दोघांच्या धर्मशाळेतल्या, किंवा साध्या, स्वच्छ लॉजमधल्याही, किती रात्री होतील, ते तुम्हीच कागदावर मांडा.

परिक्रमेची आणखी एक अडचण आहे, जी तुमच्या बेतात कोठेच दिसत नाही. रस्त्याने जाणारे परिक्रमावासी खेतिया, शहादा, प्रकाशा या आपल्याच भागातून पुढे गुजरातेत उतरतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. म्हणून मुखापाशी माणसे नावेने समुद्रातून पलीकडे जातात आणि गाडी मात्र भरूचच्या पुलावरून फिरवून आणावी लागते. तुमच्या बेतात गाडी चालवणारे एकटे तुम्हीच आहात. नावेत वहिनी आणि पुलावर तुम्ही, अशाने तुमची परिक्रमा कशी पूर्ण व्हायची? दुसरा चालक हवाच, आणि तो हवा म्हणजे त्याच्या झोपण्याची जागाही हवी. शिवाय या वाटेवर आश्रम आहेत, सदावर्ते आहेत, पुढच्या मुक्कामाची चौकशी करणारी माणसे आहेत. मुक्ताईनगरहून पंढरीला जाणाऱ्या मुक्ताईच्या पालखीतील दिंड्या पाहिल्याच असतील : ट्रकमध्ये गॅस, भांडी, ताडपत्र्या आणि गाद्या, माणसांचा मुक्काम मात्र गावातल्या देवळात, शाळेत. महिना-सव्वा महिना चालणारा तो संसार वाहनात राहत नाही, वाहनाबरोबर जातो. तुमच्या पहिल्या प्रवासाला खरे तर हीच रीत सोयीची आहे.

एसीविषयी दोन शब्द. जळगाव-भुसावळचा वैशाख ज्याने सोसला आहे, त्याला पत्र्याच्या बसमध्ये एसी हवासा वाटला तर नवल नाही. पण एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट वीज घेतो, म्हणजे रात्रभराला सात-आठ युनिट. एवढी वीज सोलर आणि बॅटरीवर साठवायची, तर सात लाखांतील मोठा वाटा त्यातच जाईल. उलट परिक्रमा चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी एकादशीनंतर उचलतात, आणि कोकण व दक्षिणही हिवाळ्यातच बरी. कार्तिक ते माघ फिरायचे आणि चैत्र-वैशाखात आपल्या मातीच्या भिंतींच्या घरात थांबायचे, असे ठरवले, तर एसी, त्याच्या बॅटऱ्या आणि त्यांचे वजन, सगळेच आराखड्यातून गळते. मग ३० वॉटचे दोन डीसी पंखे दहा तास, बारा व्होल्टचा लहान फ्रीज, दिवे आणि मोबाइल मिळून दिवसाला सव्वा ते दीड युनिट लागते. स्वच्छ उन्हात ५४० वॉटचे एक पॅनेल दोन युनिटच्या आसपास देते आणि छतापासून चार बोटे उंच बसवले तर सावलीही धरते. बॅटरी १२.८ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेटची पुरे. तेवढ्याच क्षमतेच्या ट्यूब्युलर बॅटरीतून निम्मीच वीज काढता येते आणि ती पन्नास-साठ किलोची असते. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर घराचा भार टाकू नका आणि घराच्या बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवा. पॅनेल कायमचे बसवणे हाही बदलच आहे, म्हणून त्याचा उल्लेख आरटीओच्या अर्जात करायला विसरू नका.

आराखड्यातील एक गोष्ट मात्र मला धोक्याची वाटली. पलंगाचे डोके नेमके बसच्या संकटकालीन दारावर आले आहे आणि गॅसची टाकी ओट्याखाली, बंद कपाटात दाखवली आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता तळाशी साचतो आणि फ्रीजच्या एका ठिणगीची वाट पाहतो. प्लायवूड, फोम आणि पडदे यांनी भरलेल्या डब्यात आग लागल्यावर बाहेर पडायला मोजकेच क्षण मिळतात. वाहन कोणतेही घ्या, दुसरे दार मोकळे राहिलेच पाहिजे, टाकीचा कप्पा आतून बंद आणि तळाशी बाहेरच्या बाजूला उघडा असावा, गॅस-सूचक जमिनीलगत लावावा आणि पावडरचे अग्निशामक झोपल्या जागेवरून हाताला येईल असे ठेवावे. खरे सांगायचे तर मी शेगडी बाहेरच, गाडीच्या आडोशाला मांडेन. भरिताची वांगी कपाशीच्या काट्यांवर भाजणाऱ्या आपल्या मुलखाला उघड्यावरच्या स्वयंपाकाचे वावडे कधीपासून झाले? आणि तो स्वयंपाक रोज वहिनींनीच करावा असेही नाही. शेवभाजी तुम्हालाही येत असेल.

मग करावे काय? मी तुमच्या जागी असते, तर ४० आसनी बस सोडून ट्रॅव्हलर किंवा विंगर या व्हॅनच्या मापाची जुनी गाडी पाहिली असती. तुमचा परवाना तिला चालतो, तिला टोल कमी लागतो, आणि तोरणमाळच्या किंवा चांदसैलीच्या घाटात समोरून जीप आली तर मागे घेता येते. शक्यतो खासगी वापरासाठी नोंदलेली गाडी शोधा. परमिटवर चाललेली असेल, तर वर्ग बदलण्याचा खर्च किमतीतून आधीच वजा धरा. तिच्यात काहीही वेल्ड न करता सुटे सामान करून घ्या : मूळ आसने जागेवर ठेवून मोकळ्या जागेत घडीचा पलंग, कुलपाच्या पेट्या, वीस लिटरचे पाण्याचे कॅन आणि सुटे कॅसेट शौचालय, म्हणजे ज्याची टाकी काढून रिकामी करता येते असे. हे सगळे सामान म्हणून चढते आणि उतरते, आरसीतील तपशील जसेच्या तसे राहतात, आणि साडूंच्या कौशल्याला यातही भरपूर वाव आहे, कारण घाटात न खुळखुळणारी, पट्ट्यांनी घट्ट आवळलेली पेटी बनवणे सोपे काम नाही. अशा सामानावर लाख-दीड लाखापेक्षा जास्त खर्च करू नका. शौचालयाची टाकी गटारात किंवा नदीकाठी रिकामी करायची नाही. पेट्रोल पंपावर किंवा धर्मशाळेत विचारून तेथील शौचकूपातच ती ओतायची. ही जबाबदारी कोणाची, तेही निघण्यापूर्वी ठरवा. आराखड्यावर त्यापुढे तुमचे नाव लिहिले, तर वहिनींचे मत थोडे तरी हलेल, असे मला उगीच वाटते.

गाडी भरून झाली की धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलण्याच्या काट्यावर, न्या. आपल्याकडे जिनिंग आणि मक्याच्या गोदामांपाशी तो सहज मिळतो. माणसे, पाणी, डिझेल सगळे धरून एकूण वजन पाहा, मग पुढची आणि मागची चाके वेगळी तोला. १८ मिलिमीटर प्लायवूडचा आठ बाय चारचा एक ताव तीस किलोच्या पुढे असतो आणि दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. हा हिशेब कागदावर कधीच जड वाटत नाही.

पैशांचे म्हणाल, तर सातांपैकी दोन लाख सुरुवातीलाच बाजूला काढा आणि त्यांना वर्षभर हात लावू नका. जुनी गाडी क्लच, टायर, रेडिएटर यांच्या रूपाने ते मागून घेतेच. मोठ्या बसच्या सहा टायरांचा संचच लाखाच्या पुढे जातो, हे बसमालक सांगणार नाही.

इतर वाचकांनीही असे बेत कळवले आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळी वाट सुचवते. ज्यांना प्रवासापेक्षा बसचे घर करण्याचाच आनंद हवा आहे, त्यांनी खासगी मालकाकडून मुदत संपलेल्या बसचा सांगाडा घ्यावा, तिची नोंदणी रीतसर रद्द झाल्याचा कागद ताब्यात घ्यावा, ट्रेलरवरून तो शेतात आणून विटांच्या ओट्यावर ठेवावा आणि ग्रामपंचायतीला विचारून तेथे खोली करावी. केळीच्या बागेत विहिरीचे पाणी आणि शेताची वीज हाताशी असते. मग कूलर लावा, शौचालय बांधा, सहा फुटांचा ओटाही करा. गावोगावचे हुशार वेल्डर अशा कामात रमतात आणि यात जीवही धोक्यात येत नाही.

भाऊसाहेब, मुलाच्या 'वेडेपणा' या शब्दाने तुम्ही दुखावला आहात, हे पत्रातून जाणवते. त्याला उत्तर देण्याच्या भरात मात्र बयाणा देऊन बसू नका. त्यापेक्षा या दिवाळीनंतर भाड्याची गाडी आणि ओळखीचा चालक घेऊन वहिनींसह चार-पाच दिवस बाहेर पडा. सुटा पलंग, कॅन आणि शेगडी बरोबर घ्या. उनपदेवपर्यंत जा, पाटणादेवीला मुक्काम करा, नाहीतर दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा पाहून या. एक रात्र गाडीत काढा, एक धर्मशाळेत. कोणती बरी वाटली, हे परतताना वहिनींना आधी बोलू द्या, तुम्ही नंतर बोला.

आणि बसमालक दसऱ्याचा तगादा लावेलच. शाळांच्या जुन्या बसांना गिऱ्हाइकांची रांग लागलेली नसते, त्यामुळे ही हातची गेली तरी बिघडत नाही. तरीही हात आखडता घेणे अगदीच जमले नाही, तर २५ हजारांऐवजी पाचच हजार द्या, तेही बँकेतून, आणि त्याआधी सरकारच्या 'वाहन' या पोर्टलवर तिची योग्यता, कर, दंड आणि कर्जाचा बोजा तपासून घ्या. पावतीवर बसमालकाच्या सहीने एवढे मात्र लिहून घ्या : 'सदर बस खासगी कॅम्पर म्हणून नोंदवण्यास आरटीओने लेखी नकार दिल्यास किंवा बसवर कर्ज, कर अथवा दंड थकीत आढळल्यास बयाण्याची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करीन.' सही द्यायला तो कां-कूं करू लागला, तर पाच हजारही खिशातच ठेवा.